खुंटीवरची कढई

कढई फुटते, हे पेंटरांना साठी उलटली तरी ठाऊक नव्हतं. कप फुटतो, बशी फुटते, एखाद्याचं नशीब फुटतं. पण लोखंडाची कढई? तर ती फुटली, आणि तीही त्यांच्याच हातून, घरात दुसरं कुणी नसताना, म्हणजे दुसऱ्या कुणावर ढकलायचीही सोय नाही.

झालं असं. बायकोच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि लेक तिला थोडे दिवस आपल्या घरी घेऊन गेली. "बाबा, तुम्हीपण चला," असं ती म्हणाली होती. पण पेंटरांना दुसऱ्याच्या घरात करमत नाही. जन्मभर लोकांची घरं रंगवलेली; कुठेही गेले की कोपऱ्यात ब्रश नीट फिरलेला नाही हे आधी दिसतं, आणि मग जेवण गोड लागत नाही. म्हणून ते मागे राहिले आणि हाताने करून खाऊ लागले. त्या दुपारी बटाटे परतायला टाकले, तेवढ्यात फोन वाजला, आणि बोलायला बसले की पेंटर लवकर उठत नाहीत. परत येऊन बघतात तर बटाट्यांचा कोळसा झालेला आणि कढई नुसती धगधगतेय. घाबरलेला माणूस जे करील तेच त्यांनी केलं. फडक्याने कान धरून कढई कशीबशी सिंकमध्ये टाकली आणि वरून गार पाण्याचा नळ सोडला. टण्ण असा एकच आवाज आला. वाफ निवळल्यावर पाहिलं तर काठापासून तळापर्यंत उभी चीर. उचलायला गेले तर एक अर्धा डाव्या हातात, एक उजव्या.

आता, ही कढई काही अशीतशी नव्हती. पेंटरांच्या आईची होती. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, दोन कानांची, आणि वजनाला धोंडा. लग्न झाल्यावर आईने ती नव्या सुनेच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "हिला जीव लाव, जन्मभर पुरेल." सुनेनेही लावला. सासू गेली तरी लावला. रोज काम झालं की कढई पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं आणि ओट्याच्या वरच्या खुंटीला टांगायची. खुंटीवरून काढताना तिच्या तोंडून 'हुं' असा आवाज यायचा. बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या पेंटरांना त्या 'हुं'वरून कळायचं, की स्वयंपाक सुरू झाला. लेकीने मध्ये एकदा नॉनस्टिक कढई आणून दिली होती. बायकोने ती आठवडाभरात शेजारणीला देऊन टाकली. "आईंची असताना घरात दुसरी कशाला," म्हणाली.

खुद्द पेंटरांना ती कढई कधीच आवडली नव्हती, ही गोष्ट वेगळी. लहानपणी ती एकदा पायावर पडून अंगठ्याचं नख गेलं होतं, ते पुन्हा धड आलंच नाही. पण बायकोचा जीव त्या कढईत, तर आपण कशाला तोंड उघडा, असा त्यांचा हिशोब होता.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. जेवलात का, गोळी घेतलीत का, खिडकी लावता ना. आणि सगळ्यात शेवटी, "कढई कशी आहे?"

पेंटरांनी सिंककडे पाठ फिरवली. "कढईला काय धाड भरलीय," ते म्हणाले. "मस्त आहे."

पलीकडून एक जड "बरं" आलं आणि तिने फोन ठेवला.

झालं, त्यांची झोप उडाली. बायको चिडली असती, भांडली असती, तर पेंटरांना काही वाटलं नसतं. भांडण त्यांना चांगलं जमतं. पण ती भांडणारी नव्हती, हीच पंचाईत. ती गप्प झाली असती. खांद्याला टाके, त्यात हे दुःख, आणि ती गप्प बसून भिंतीकडे बघणार. दोन्ही अर्धुकं त्यांनी रंगाच्या रिकाम्या बादलीत घातली, वर जुनी फडकी कोंबली आणि बादली पलंगाखाली सरकवली. मग ठरवलं, की जन्मभर जुन्या भिंती नव्या करून दाखवल्या, तर आता एक नवी कढई जुनी करून दाखवायला काय हरकत आहे?

भांड्यांच्या दुकानातली बाई गळ्यात चष्मा अडकवून उभी होती. "जुनी दिसेल अशी नवी कढई हवी," पेंटर म्हणाले.

"लोक उलटं मागतात," बाई म्हणाली आणि आधी बिडाचीच काढून दिली. पेंटरांनी किंमत विचारली आणि कढई इतक्या अलगद खाली ठेवली, की जणू ती दुसऱ्याच्या घरातली होती. शिवाय आतून ती पॉलिशपेपरसारखी खरखरीत. आईची कशी, वापरून वापरून गुळगुळीत झालेली.

"जरा स्वस्तातली दाखवा की."

बाईने दुसरी काढली. पेंटरांनी तळाला अंगठ्याने दाबलं, तर तळ टुक करून आत गेला आणि टुक करून बाहेर आला.

"ही कढई नाही, डब्याचं झाकण आहे. तापली की वाकडी होईल."

"तुम्हीच स्वस्त म्हणालात."

"स्वस्त म्हणालो, वाया जाणारी नव्हे."

तिसरी बरी होती, पण तिला एकच लांब लाकडी दांडा, आणि तोही एका स्क्रूवर. पेंटरांनी तो धरून हलवला आणि बाईकडे नुसतं बघितलं. बाईने ती परत ठेवली. मग चष्मा डोळ्यांवर चढवून ती मागच्या फळीकडे गेली आणि चौथी घेऊन आली. दोन कान, तेही रिव्हेट मारून पक्के बसवलेले. काठ साधारण तेवढाच, खोलीही तेवढीच. वर कागद चिकटवलेला, कार्बन स्टील. पेंटरांनी ती काउंटरच्या काचेवर ठेवून फिरवली. डुगडुगली नाही. तळ दाबला. हलला नाही. मग दोन्ही कान धरून, आईच्या कढईला लावायचे तसा जोर लावून उचलली, तर हात थेट छातीशी आले.

"हिच्यात काहीतरी कमी आहे," ते संशयाने म्हणाले.

"वजन," बाई म्हणाली. "ही ओतलेली नाही, पत्र्याची आहे. जाड पत्रा, पण पत्रा. पडली तर पोचा येईल, फुटायची नाही."

फुटायची नाही, हे ऐकलं आणि पेंटरांनी पाकीट काढलं. वजनाचं काय करायचं, हा प्रश्न होताच. पण डॉक्टरांनी बायकोला जड उचलू नका म्हणून बजावलं होतं. चार महिने कढई आपणच काढायची, आपणच ठेवायची. तोवर काहीतरी सुचेल.

"गंजू नये म्हणून वर एक थर लावलेला असतो," बाईने पिशवीत घालता घालता सांगितलं. "तो आधी काढा. मग तेल लावून तापवा, म्हणजे काळी होत जाईल."

"बाई, थर काढणं आणि थर चढवणं, यावरच माझं पोट चाललं," पेंटर म्हणाले, आणि छाती फुगवून घरी आले.

थर त्यांनी काढला, अगदी झकास. गरम पाणी, साबण, काथ्या. घर धुराने भरू नये म्हणून खिडक्या उघडल्या आणि कढई कोरडी तापवली. आणि मग ते बघतच राहिले. पत्रा आधी पिवळसर झाला, मग जांभळा, मग मधोमध निळा. असा निळा त्यांनी आयुष्यात कुठल्या डब्यात पाहिला नव्हता. आता याच्यावर काळं फासायचं, म्हणून क्षणभर त्यांना वाईट वाटलं. पण काम ते काम. त्यांनी तेल घेतलं आणि भरपूर लावलं. एकाच हातात काळीकुट्ट करून टाकू, वेळ कुणाला आहे?

कढई काळी झाली नाही, चिकट झाली. तपकिरी डाग, मध्येच ओघळ, बोट लावलं तर बोट सुटेना. पेंटर खुर्चीवर बसले. हाताखालच्या पोरांना जन्मभर हेच ओरडत आले होते, की थर पातळ द्या, जाड दिला की ओघळणार. आणि आता म्हातारपणी स्वतःच ओघळ काढून बसले होते. बघायला कुणी नव्हतं, हे नशीब.

सगळं घासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी तेलाचा हात फिरवला आणि लगेच कोरड्या फडक्याने असा पुसला, की लावलंच नव्हतं म्हणा. तापवली, निववली. पुन्हा तसंच. रोज दुपारी हाच उद्योग. पहिलं अंडं तळाला असं चिकटलं की खरवडून काढावं लागलं. पुढच्या खेपेला थोडं सुटलं. आणि एक दिवस कढई हलवली तर अंडं आपलं आपण या बाजूचं त्या बाजूला गेलं. पेंटरांनी त्या आनंदात आणखी तीन अंडी खाल्ली. बटाटे केले, कांदा परतला, कोबी परतला. पटकन तापते, पटकन निवते, एका हाताने धरून ताटात ओतता येते. त्यांचा जीव बसला त्या कढईवर. आणि जीव बसला म्हणून जास्तच अपराधी वाटू लागलं. फोनवर रोज प्रश्न यायचा, "कढई कशी आहे?" हे रोज म्हणायचे, "मस्त." आणि रोज पलीकडे तेच जड "बरं."

रविवारी लेक बायकोला घेऊन आली. हात गळ्यात बांधलेला, चेहरा उतरलेला. पेंटरांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. पण ती बसली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली. खुंटीवर कढई होती, काळी, कोपऱ्यातल्या अंधारात, कान नेमके त्याच बाजूला. पेंटरांनी सकाळपासून ती चार वेळा लांबून न्याहाळली होती.

"मी काढतो, तू हात नको लावूस," म्हणत ते धावले. पण तिने डावा हात वर केला आणि कढई काढली. एका हाताने. 'हुं' नाही, काही नाही. मग तिने कढई तशीच हातात थोडी खाली-वर केली.

"ही आईंची नाही," ती म्हणाली.

लेक दोघांकडे बघत दारात उभी.

"फुटली," ते म्हणाले. "माझ्या हातून. तापली होती, गार पाणी ओतलं. तुला सांगणार होतो, पण तू आजारी, म्हटलं कशाला... चूक झाली. काय बोलायचं ते बोल, पण गप्प बसू नकोस."

"दाखवा."

त्यांनी पलंगाखालून बादली ओढून आणली, फडकी काढली. ती आता खुर्चीवर बसली. एक अर्धुक मांडीवर घेतलं, त्याला दुसरं लावून पाहिलं. मग मान खाली घातली आणि तिचं अंग गदगदू लागलं.

"रडू नकोस गं," पेंटर म्हणाले.

"बाबा, ती हसतेय," लेक म्हणाली.

खरंच हसत होती. डोळ्यांतून पाणी, आणि डाव्या हाताने उजवा खांदा धरलेला. "हसवू नका हो," ती कशीबशी म्हणाली, "टाके ओढतात. रोज फोनवर का विचारत होते मी? आज तरी हिला काही झालं का, म्हणून. आणि तुमचं आपलं रोज, मस्त आहे, मस्त आहे. असा वैताग यायचा."

पेंटर खालीच बसले. "तुला आवडायची ना ती?"

"कुणी सांगितलं?"

"नॉनस्टिक देऊन टाकलीस की."

"ठेवून घेतली असती, तर तुम्हाला वाटलं असतं, आईची वस्तू हिला जड झाली."

"मला कशाला वाटेल? मला ती लहानपणापासून डोळ्यांसमोर नको होती. हे नख बघ."

लेक पुढे आली. तिला मात्र हसू येत नव्हतं. "आई, डॉक्टरांनी विचारलं होतं, रोज काही जड उचलता का. तू नाही म्हणालीस."

बायको अर्धुकाच्या काठावरून बोट फिरवत राहिली. पेंटरांना तो 'हुं' आठवला. इतकी वर्षं त्यांनी तो पेपर वाचता वाचता ऐकला होता, आणि आता स्वयंपाक होईल म्हणून खूश झाले होते. तो दुखण्याचा आवाज होता. त्यांनी तिच्या मांडीवरचं अर्धुक उचलून बाजूला ठेवलं.

"एकदा सांगायचंस," ते म्हणाले.

"तुम्ही तरी सांगायचंत," ती म्हणाली. मग नाक पुसून तिने नवी कढई पुढे केली. "किती हलकी आहे हो. काय करता हिच्यात, दाखवा बघू. आणि धुताना गरम पाणी घ्या."

त्या दिवशी पेंटरांनी तिघांची अंडी केली. मीठ जास्त पडलं, आणि बायकोने ते दोनदा बोलून दाखवलं. त्यांना इतकं हलकं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

पुढे खांदा बरा झाला आणि ती पुन्हा ओट्याशी उभी राहू लागली. एकदा पेंटर बाहेर पेपर वाचत बसले होते. भूक लागली म्हणून उठून आत गेले, तर कांदा परतून झालेला, बटाटे शिजत आलेले, आणि ती डाव्या हातातल्या फडक्याने कढईचा कान धरून उजव्या हाताने उलथणं फिरवत होती. स्वयंपाक कधी सुरू झाला, हे त्यांना बाहेर कळलंच नव्हतं.