हाळीचा मालक

आदिनाथचा फोटो पेपरात आला त्या सकाळी हरिओमला चहा कडू लागला. साखर बायकोने रोजच्याइतकीच घातली होती. 'अंबाजोगाईच्या मुलाचा वीस वर्षांपूर्वीचा खेळ आता जगभर,' असा मथळा होता. मुलगा म्हणे! चाळिशी ओलांडलेला, टक्कल पडलेला मुलगा! हरिओमने पेपरची घडी घातली ती नेमकी अशी, की आदिनाथचं नाक त्या घडीत चेंगरावं. तेवढंच समाधान.

'मेंढरं' हा खेळ दोघांनी कॉलेजात असताना बनवला होता. पहिली सीडी आदिनाथची. तिच्यात लांडग्यांना चुकवत मेंढरांचा कळप गोदाकाठावरून माळावर न्यायचा. दुसरी सीडी हरिओमची. तिच्यात तोच कळप बालाघाटाच्या डोंगरात चढवायचा, पण एकेक मेंढरू हाकत बसायचं नाही. एक कळ दाबली की खऱ्याखुऱ्या मेंढपाळाची हाळी घुमायची आणि अख्खा कळप वळायचा. त्या हाळीसाठी पोरं बीडच्या नेटकॅफेत तासन् तास ठिय्या देऊन बसत. पण दुसरी सीडी पहिलीशिवाय चालत नसे. ती पुरवणीच होती, आणि पुरवणीच्या बापाचं नाव कोण लक्षात ठेवतो? लोक म्हणत, आदिनाथचा खेळ. आदिनाथ पुण्याला जाऊन मोठा झाला, हरिओम अंबाजोगाईत कॉम्प्युटरचा क्लास चालवत राहिला. भांडण असं कधी झालंच नाही. हरिओमने फोन करणं सोडलं, एवढंच.

आता पुण्याची एक कंपनी दोन्ही भाग दिवाळीला ऑनलाइन आणणार होती. कंपनीच्या वकील प्रियदर्शनी यांचा फोन आला.

"पहिल्या भागाचं सगळं सुरळीत आहे. दुसरा अडलाय. त्यातला आवाज कोणाचा? त्यांची परवानगी लागेल. नाही मिळाली तर आम्ही पहिला एकटाच आणू."

पहिला एकटाच! म्हणजे आदिनाथ जगभर, आणि हरिओम कपाटातल्या सीडीच्या डबीत. त्या रात्री त्याने जेवताना तीनदा मीठ मागितलं. वीस वर्षांपूर्वी परवानगी वगैरे कोणाच्या डोक्यात होती? उमापूरच्या माळावर धुळाजी नावाचा मेंढपाळ भेटला होता, त्याला चहा पाजला, टेप चालू केला, झालं काम.

दुसऱ्या दिवशी त्याने उमापूर गाठलं. धुळाजी आता थकला होता, पण ओळख विसरला नव्हता.

"घ्या की," तो म्हणाला. "पर सर, एक सांगतो. आवाज माझा हाय, हाळी माझी न्हाई."

"म्हणजे काय मामा?"

"आमच्यात कळपाची वाटणी झाली की हाळी थोरल्याकडं जाती. धाकट्यानं नवी काढायची. न्हाईतर मी हाळी दिली की दादाची मेंढरं माझ्याकडं पळत येत्याल, अन् ती चोरीच झाली की. तुमी टेप घिऊन आलतात तवा आमची वाटणी होऊन गेलती. पर जुनी हाळी लई आठवायची. म्हणलं, कॉम्प्युटरमधी कोण मेंढरू ऐकतंय? दिली ठोकून."

"आणि दादांशी बोलणं?"

"तवापासून न्हाई," धुळाजी म्हणाला.

प्रियदर्शनींनी फोनवर हे सगळं ऐकून घेतलं. मग परवानगी थोरल्यांचीही लागेल, म्हणाल्या. थोरला मुंजाजी कपिलधारच्या अंगाला, डोंगराखाली कळप घेऊन उतरला होता. हरिओम तिकडे निघाला. वाटेत दर फाट्यावर त्याला आदिनाथच आठवत होता. त्याला नाही हिंडावं लागलं कुठे मेंढरांच्या मागे! त्याच्या खेळात लांडगे होते, आणि लांडग्यांना भाऊबंदकी नसते.

मुंजाजीने आदिनाथपासूनचं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "ऐकवा तरी."

हरिओमने फोन काढून हाळी लावली. एवढ्याशा फोनातून धुळाजीचा तरणा आवाज माळावर गेला. लांबवर चरणाऱ्या मेंढरांनी माना वर केल्या आणि सगळा कळप धूळ उडवत थेट हरिओमकडे आला. मेंढरं त्याच्या गुडघ्यांना धडकू लागली. हरिओमला हसू आलं. त्याने मुंजाजीकडे पाहिलं, आणि ते हसू जागच्या जागी विरलं.

"न्हाई देत परवानगी," मुंजाजी म्हणाला.

"पण का? तुमचीच हाळी आहे."

"हाळी माझी हाय म्हणूनच. मी बोलावलं तर आरामात येत्यात, चरत चरत. त्याच्या आवाजाला बघितलं कशी पळाली? ज्यांनी त्याला जल्मात बघितला न्हाई, ती! आता हे जगाला ऐकवायचं व्हय?"

हरिओम समजावायला लागला. भाऊ आहे, जुनं झालं, मोठ्यानं मन मोठं करावं, जे जे दुसऱ्याला सांगायला सोपं असतं ते सगळं त्याने सांगितलं. मुंजाजी काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता.

"सर, तुमच्या जोडीदाराचा खेळ एकट्याचाच निघाला तर तुमी काय करताल?"

हरिओमच्या तोंडून खरं तेच निघून गेलं. "जळीन."

"मंग मला कावून शिकवायलेत?"

मग मुंजाजीनेच तोड काढली. हाळी माझ्या तोंडची घ्या, लगेच देतो. हरिओमला पुरतं कळत होतं की हा आवाज जाड आहे, घाईचा आहे, याने खेळाची निम्मी जान जाईल. धुळाजीला एकदा विचारावं, हेही मनात आलं. पण दिवाळी तोंडावर होती आणि डोळ्यांपुढे आदिनाथचा फोटो होता. त्याने फोन मुंजाजीच्या तोंडापाशी धरला. मुंजाजीने हाळी दिली, मधेच खोकला, पुन्हा दिली.

दिवाळीत दोन्ही भाग आले. आदिनाथच्या नावाखाली हरिओमचं नाव, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. क्लासमधल्या पोरांना पेढे वाटून झाल्यावर त्याने लोकांच्या प्रतिक्रिया उघडल्या. 'जुनी हाळी कुठं गेली?' 'दुसऱ्या भागात आता मजा नाही.' त्याखाली खुद्द आदिनाथने लिहिलं होतं, 'या खेळात जीव ओतला तो हरिओमने. माझ्या भागापेक्षा त्याचा भाग नेहमीच सरस होता.' हरिओमचं अंग पेटलं. मोठेपणाही यानेच मिरवायचा! निदान शिव्या तरी द्यायच्या.

तेवढ्यात उमापूरहून फोन आला. धुळाजीची नात, सायली. हरिओमने मनाची तयारी केली. म्हाताऱ्याचा आवाज त्याला न विचारता काढून टाकला होता, आता ऐकून घेणं भाग होतं.

"सर, आज्जाला मोबाइलवर खेळ लावून दिला, तर सकाळपसून ती एकच कळ दाबायलेत. मेंढरं दरीत पडायलीत, तरी थांबत न्हाईत. घ्या, बोला त्यांच्याशी."

"सर, दादाच हाय ना ह्यो?" धुळाजीने फोन हातात येताच विचारलं. "पयल्याच हाळीला वळखला. म्हातारा झालाय वो. मधी खोकतोय, ऐकलं का तुमी?"

"मामा, तुमचा आवाज काढला मी. राग नाही आला?"

"राग कावून? हाळी त्याचीच हाय. लई वर्षांनी कानावर पडली." मग कोणाला तरी चप्पल शोधायला सांगत तो म्हणाला, "जाऊन येतो म्हणतो कपिलधारला. थंडी सुरू झाली की खोकला वाढतो त्याचा."

फोन बंद झाला. हरिओमने आदिनाथचा नंबर काढला. बराच वेळ पाहिला. अंगठा नंबरावर होता, नुसता टेकवायचा बाकी होता, आणि ते काही त्याच्याने झालं नाही. आयुष्यभर त्याने आदिनाथचा हेवा केला होता. आज पहिल्यांदा त्याला दुसऱ्याच कोणाचा हेवा वाटला, उमापूरच्या माळावर चप्पल शोधणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा, आणि हा हेवा त्याला सोसवेना.