पलंगाखालचं वांगं

हज्जा दौलतने शेजारणीची पिशवी दारातच उलटी केली. टोमॅटो, साबणाची वडी, जिऱ्याची पुडी आणि दोन लिंबं बाहेर आली. त्यातलं एक लिंबू गडगडत जिन्यावरून खाली निघालं. हज्जाने पिशवी आतून चाचपली आणि मग नाकाला लावली.

"वांगं नाही ना?"

"चार मजले चढून आलेय, हज्जा. वांगं असतं तर तिसऱ्यावरच टाकलं असतं," तहिया धापा टाकत म्हणाली.

"कच्चं मटण?"

"परवा स्वप्नात आलं होतं. शिजवलेलं होतं."

"कुणाच्या मयताला गेली होतीस?"

"अजून कुणी बोलावलं नाही."

"नवरा येणारेय का मागून? दाढी करून?"

"त्याने शेवटची दाढी लग्नात केली."

हज्जाचं समाधान झालं. तिने आत सुनेला हाक मारली, "इनास, ये गं पोरी बाहेर. तूच हिच्याकडे ये, म्हणजे ही तुझ्यावर चालून आली असं होणार नाही."

ओल्या बाळंतिणीच्या खोलीत कुणी वांगं, कच्चं मटण किंवा ताजी दाढी घेऊन शिरलं की तिला मुशाहरा लागतो. दूध आटतं, तोंडावरचं पाणी उतरतं, आणि आकाशात पुढची चंद्रकोर दिसेपर्यंत त्यावर उतारा नाही. इजिप्तमधल्या या तान्ता शहरात विद्यापीठ आहे, मोठं रेल्वे जंक्शन आहे. मुशाहऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

इनास बाहेर आली. दोन्ही हात काखेत खुपसून उभी राहिली. आज छत्तिसावा दिवस होता.

"माशाल्ला, रंग उजळलाय," तहिया म्हणाली. बाळंतिणीला असंच म्हणायचं असतं. "बाळ कुठाय?"

"झोपलंय."

"आण की जरा. डोळे भरून बघू दे."

"माझी पाठ दुखते," इनास म्हणाली. "हज्जा आणतील."

हज्जाने तमीमला आणलं. तो तिच्या खांद्यावर पालथा पडून जगाकडे पाठ करून झोपला होता. इनास दोन पावलं मागे सरली. तहियाने मुघातचे, बाळंतिणीच्या घरी देतात त्या गरम पेयाचे, दोन पेले प्यायले, दूध वाढवण्याचे तीन उपाय सांगितले आणि लिंबू शोधत खाली गेली.

इनासच्या पाठीला काहीही झालेलं नव्हतं.

नवव्या दिवशी ती तमीमला कोवळं ऊन द्यायला गॅलरीत गेली होती. खाली फुलवाल्याची गाडी उभी होती. बाळ हातात होतं, हात कठड्याच्या वर होते, आणि डोक्यात एकाएकी एक चित्र आलं. आपले हात उघडले आहेत. एवढंच. राग नव्हता, कंटाळा नव्हता, कुणी कानात काही सांगितलं नव्हतं. ती पळत आत आली, बाळाला पलंगाच्या मधोमध ठेवलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. त्यानंतर ते चित्र रोज यायला लागलं. आंघोळ घालताना पाण्याचं, कांदा चिरताना सुरीचं. येऊ नये म्हणून डोळे मिटले तर जास्त स्पष्ट दिसायचं. जी बाई झोपलेल्या मुलाचा श्वास चालू आहे का हे घटकेघटकेला बघते, तीच बाई असलं चित्र बघते, याचा अर्थ इनासने एकच लावला होता: ती आई नव्हे, भलतंच काहीतरी आहे, आणि हे अजून कुणाला कळलेलं नाही.

नवऱ्याला एकदा सांगून पाहिलं होतं. हातेम गणिताचा शिक्षक. सकाळी शाळा, दुपारपासून शिकवण्या. घरी येईपर्यंत त्याच्यात फक्त उत्तरं उरलेली असत.

"मला भीती वाटते."

"कशाची?"

"माझी."

"मलाही तुझी वाटते," हातेम म्हणाला. स्वतःच्या विनोदावर मनापासून हसला आणि हसता हसता झोपला.

आत्तापर्यंत निभावलं होतं ते हज्जामुळे. बाळंतिणीची कबर चाळीस दिवस उघडी असते, असं त्यांच्याकडे म्हणतात. म्हणून चाळीस दिवस कुणी तिला एकटीला सोडत नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी ती कबर कोण बुजवतं, हे म्हणीत नाही. त्या दिवशी सासू गावी जाते, एवढं ठरलेलं असतं. हज्जाची बदकं खेड्यात शेजारणीच्या हवाली होती आणि परक्या हाताला अंडी देत नव्हती. तिने बोचकं आत्ताच बांधून दाराशी ठेवलं होतं. इनास येता-जाता त्याला वळसा घालायची.

अडतिसाव्या दिवशी सकाळी खालून भाजीवाल्याची आरोळी आली. हज्जा आत नमाजाला उभी होती, तमीम तिच्या शेजारी दुपट्यात. इनास गॅलरीच्या दारात थांबली. एकोणतीस दिवस तिने त्या उंबऱ्यापलीकडे पाय टाकला नव्हता. मग ती भिंतीला पाठ घासत, खाली न बघता पुढे गेली आणि दोरीची टोपली सोडली.

"काय देऊ, बाई?"

"एक वांगं."

"एकच?" भाजीवाला गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला. "एका वांग्याचं काय करणार? त्याचं सांत्वन?"

"हळू बोला."

"देतो बाई, देतो. पण चौथ्यावर कुणीतरी ओली बाळंतीण आहे म्हणतात. तिच्या दारावरून नेऊ नका हं."

"नाही नेणार," चौथ्यावरची बाळंतीण म्हणाली.

तिने दोरी ओढायला घेतली. टोपली हलकी होती, तरी दोरी तिने मनगटाला दोनदा गुंडाळून घेतली. सुटेल, सुटेल, असं वाटत राहिलं. टोपली कठड्याशी आली तेव्हा ब्लाऊज घामाने अंगाला चिकटला होता. वांगं तिने पलंगाखाली, भिंतीच्या कडेला सरकवलं. मुशाहरा लागला असं ठरलं की चंद्रकोरीपर्यंत हज्जा हलणार नाही. चंद्रकोरीला अजून बावीस दिवस होते. तेविसाव्या दिवसाचा विचार तिने केला नव्हता. तिचे विचार हल्ली इतके लांब जात नसत.

एकोणचाळिसाव्या दिवशी हज्जाने झाडू पलंगाखाली घातला आणि तो कशाला तरी अडला.

किंकाळी आधी ऐकू आली, मग हज्जा बाहेर आली. वांगं तिने फडक्यात, शेपटीला धरलेल्या उंदरासारखं लोंबतं धरलं होतं.

"तहिया! तरी म्हटलं, लिंबं कशाला घेऊन हिंडते ही! पिशवी दाखवली आणि अंगात लपवून आणलं! थांब, आज तिच्या सात पिढ्या..."

हज्जाने दार उघडलं. जिन्यात आवाज घुमला. समोरच्या दाराची कडी वाजली.

"मी आणलं," इनास म्हणाली.

हज्जा वळली.

"मी आणलं, हज्जा. काल. टोपलीतून."

हज्जाने दार लावून घेतलं. मग वांग्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"कशाला?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून."

हज्जाचा चेहरा बघण्यासारखा झाला. तीन सुना आणल्या होत्या तिने. "सासू जाऊ नये म्हणून?" ती म्हणाली. "अगं, जावी म्हणून बायका काय काय पुरतात! आणि तू..." ती हसायला लागली, पण इनास हसत नव्हती. इनास भिंतीला चिकटून उभी होती आणि तिचे दात वाजत होते.

"तुम्ही गेलात की घरात तो आणि मी," ती म्हणाली. "दोघंच. माझ्या हातून काहीतरी होईल. मला दिसतं ते. रोज दिसतं. गॅलरीतून... मला करायचं नाहीये हज्जा, अल्लाशपथ करायचं नाहीये, पण दिसतं."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, हे शब्द आता परत घेता येणार नाहीत.

हज्जाने वांगं टेबलावर ठेवलं, हात धुतले, पुसले. मग तमीमला उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. कडी लावल्याचा आवाज इनासला ऐकू आला. या घरात ती कडी कधी लागत नसे.

मग आतून फोनवरचा आवाज येऊ लागला. तुटक तुटक.

"...नाही, तिचं तिलाच समजेना झालंय... हातेमला नाही सांगायचं, तो आला की मी बघते... आजच. हो, आजच नेते."

इनास खाली बसली. आजच. माहेरी नेणार, बापाच्या दारात उभी करणार, पोर ठेवून घेणार. किंवा त्या मोठ्या दवाखान्यात, जिथे गेलेल्या बायकांची नावं नंतर हळू आवाजात घेतात. तिला वाटलं, उठावं, दार ठोठावावं, म्हणावं की गंमत केली. आणि त्याच वेळी, लाज वाटावी इतकं, बरंही वाटलं. निदान दाराला कडी होती. निदान ते पोर कडीच्या आत होतं.

दार उघडलं. हज्जा काळा झगा घालून, डोक्याला ओढणी गुंडाळून तयार होती.

"ऊठ. कपडे कर."

"कुठे?"

"सांगते."

तिने सांगितलं नाही. टॅक्सीत तिने तमीमला इनासच्या मांडीवर ठेवलं. इनास आखडली.

"नको, तुम्हीच घ्या."

"तूच घे," हज्जा म्हणाली, आणि आपला जाडजूड, बदकांनी टोचलेला हात इनासच्या दोन्ही हातांवर दाबून ठेवला. "मी बसलेय ना इथे."

टॅक्सी माहेरच्या रस्त्याला वळली नाही. मोठ्या दवाखान्याच्या फाटकावरूनही तशीच पुढे गेली. मिठाईच्या एका दुकानापाशी थांबली. दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, डॉक्टरणीची पाटी होती. नसा आणि मन, असं काहीतरी लिहिलं होतं. बाहेरच्या खोलीत चार बायका चार वेगवेगळ्या भिंतींकडे बघत बसल्या होत्या.

"माझी भाची करीमान नर्स आहे," हज्जा जिना चढताना पुटपुटली. "तिने पाठवलं. म्हणाली, हे पुष्कळ जणींना होतं. औषध आहे म्हणाली. औषध असतं हे मला कुणी सांगितलं होतं?"

शेवटचं वाक्य कुणाला उद्देशून होतं ते इनासला कळलं नाही.

टेबलापाशी एक मुलगी वही घेऊन बसली होती.

"पेशंटचं नाव?"

इनासने तोंड उघडलं. तिच्याआधी हज्जा बोलली.

"दौलत अब्दुल मौजूद."

इनासने तिच्याकडे पाहिलं. हज्जा समोर बघत होती. ती अब्रू राखतेय, इनासला वाटलं. उद्या गल्लीत कुणी विचारलंच, तर म्हातारीच्या नसा दुखतात.

"वय?"

"एकसष्ट."

"मुलं किती?"

"चार. थोरला हातेम, चौतीस वर्षांचा. शिक्षक आहे," हज्जा म्हणाली. हे ती कुठेही, कुणालाही, न विचारता सांगत असे.

"त्रास काय?"

"बाळंतपणानंतरची भीती."

मुलीने एकदा इनासच्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं आणि पुन्हा वहीत मान घातली.

"किती दिवस झाले?"

हज्जाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"चौतीस वर्षं."

मुलगी थांबली नाही. तिने 'चौतीस' लिहिलं आणि म्हातारीची जीभ चुकली असं धरून पुढे 'दिवस' लिहिलं. इनासला ते उलट्या बाजूनेही वाचता आलं. चूक झालीय, हे सांगायला ती पुढे वाकली.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि कुणीतरी पुकारलं, "दौलत."

दोघी उठल्या.