मागची सीट

वीस वर्षं मी स्टुटगार्टात गाड्यांचे सीटबेल्ट बनवतोय. माणसाच्या छातीवरून पट्टा कुठून कसा जातो, ते मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. माझ्या घोड्यानं पेंड खाल्ली ती घरातच.

२०१६ साली माझ्या बायकोच्या, ऊर्मिलाच्या, केमोसाठी डॉक्टरांनी पोर्ट बसवला. गळ्याच्या उजव्या हाडाखाली, कातडीच्या आत रुपयाएवढी डबी आणि तिची नळी थेट मोठ्या शिरेत. दर वेळी हातात शीर शोधत बसायला नको. ते ऑपरेशन झालं त्या दिवशी मी कंपनीत टेस्ट घेत होतो. संध्याकाळी आणायला गेलो, तर बाईसाहेब मागचं दार उघडून माझ्या पाठीमागे, डाव्या बाजूला बसल्या; जर्मनीत स्टिअरिंग डावीकडे असतं. त्यानंतर दीड वर्ष तिथेच. केमो संपली, गाठ गेली, नळी बुजू नये म्हणून दर तीन महिन्यांनी पोर्ट धुवून घेण्यापुरतं हॉस्पिटल उरलं, पण ही काही पुढे येईना. मी त्या दिवशी नव्हतो ते तिच्या मनात आहे, अशी माझी खात्रीच झाली. विचारायचं धाडस झालं नाही. चिडलो मात्र खूप, रस्त्यातल्या सायकलवाल्यांवर.

परवा पोर्ट धुवून झाल्यावर नर्सनं एक फ्रागेबोगन दिला. पोर्टबद्दल पेशंट किती समाधानी आहे, त्याची प्रश्नावली. ऊर्मिलाचं जर्मन भाजी आणण्यापुरतं, म्हणून मी प्रश्न मराठीत सांगायचे आणि खुणा करायच्या. टोचताना दुखतं का? नाही. झोपताना? कुशीवर थोडं. शेवटचा प्रश्न होता, पोर्टमुळे रोजच्या वागण्यात काही बदल केलात का?

ती म्हणाली, "मागे बसते."

मला कळेना. तिनं बोटानं उजव्या खांद्यावरून खाली रेघ ओढली. "पुढच्या सीटवर पट्टा बरोबर ह्याच्यावरून जातो, घासतो. तुमच्या मागे बसलं की डावीकडून येतो."

सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं.

"उभा जन्म घातलात त्या पट्ट्यांत. तोच मला टोचतो, हे कुठल्या तोंडानं सांगू? आणि आरशात तुम्ही दिसता की."

"मला वाटलं, मी त्या दिवशी आलो नाही म्हणून."

"त्याचा राग होताच," ती म्हणाली. "आठवडाभरात गेला."

पुढे मी कुठल्या चौकटीत खूण केली देव जाणे. डोळे भरून आले होते.

पार्किंगमध्ये तिनं सवयीनं मागचं दार धरलं. मी किल्ली तिच्या हातात ठेवली. तिच्याकडे लायसन्स आहे. माझ्या सूचनांना कंटाळून तिनं पाच वर्षांपूर्वी गाडी चालवणं सोडलं होतं.

"ड्रायव्हरचा पट्टाही डावीकडूनच येतो," मी म्हणालो.

दीड वर्षानं आम्ही शेजारी बसलो. उतारावर मी पायाखाली नसलेला ब्रेक दाबला, पण तोंड मिटून ठेवलं. सिग्नलला गाडी थांबवून तिनं गिअरवरचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि हिरवा होईपर्यंत तिथेच राहू दिला.