थोरली मधोमध

"तिला पुसून टाक," सर म्हणाले. "तिच्यामुळे मागचं काही दिसत नाही."

ती म्हणजे माझी थोरली. हे नाव मीच ठेवलंय, यादीत तिला नुसता आकडा आहे. दूरच्या एका दीर्घिकासमूहात मधोमध ठाण मांडून बसलेली लंबवर्तुळाकार दीर्घिका. ना भुजा, ना नक्षी, नुसता पिवळा गोळा. पण केवढी! आसपासच्या कितीतरी धाकट्या पोटात घेऊन एवढी झालेली. माझी पीएचडीची सगळी वर्षं तिनेच खाल्ली.

सरांना हव्या होत्या तिच्या खूप मागच्या दीर्घिका. निळ्या, नाजूक, कमानीसारख्या ताणलेल्या. त्याच दिवशी संध्याकाळी आमचं दुर्बिणीतून घेतलेलं ते चित्र जगभर जाणार होतं. मागचं नीट दिसावं म्हणून मधल्या मोठीचा प्रकाश मोजून वजा करायचा, ही आमच्यातली रीतच. अभ्यासापुरता मीही केला होता. पण जगासमोर?

"नाही करणार," मी म्हटलं.

"अगं, त्या गोळ्याकडे कोण बघणार? दुसऱ्या कुणाकडून करून घेतो."

माझं टाळकंच सटकलं. "घ्या की! तिच्या आणि तिच्या गोतावळ्याच्या वजनानं मागचा प्रकाश वाकतो, मोठा होतो, म्हणून तुमच्या त्या नाजूक पोरी दिसतात तरी. ती जाणार असेल तर माझं नावही काढा. आणि माझी सगळी मोजणीही."

मोजणीशिवाय सरांच्या हाती काहीच उरत नव्हतं. तरी ते "बघू" म्हणून तरातरा निघून गेले.

दुपारी चित्रासोबत द्यायला आमच्या चमूचा फोटो होता. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, जरा कडेला होता का? मागचे झाकले जातायत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. हे 'कडेला हो' मी जन्मभर ऐकत आलेय. धाकट्या बहिणींना कडेवर घेऊन वाढवलं मी, आणि घरातल्या प्रत्येक फोटोत त्या मध्ये, मी कडेला अर्धी कापलेली. आई म्हणायची, "तू जरा सरक गं, तू काय, दिसतेसच." मी सरकायचे. रडू यायचं, पण सरकायचे.

मी खुर्ची ओढली आणि बरोब्बर मधोमध बसले.

मागून सरांचा आवाज आला, "अगं, मी दिसत नाहीये!"

"मग स्टूल घ्या, सर. आम्ही दोघी हलणार नाही."

मग मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. सर पुटपुटत वर चढले आणि फोटोग्राफरवर खेकसले, "काढा आता!" मग मला म्हणाले, "आणि ते चित्रही तसंच जाऊ दे."