खंडेनवमीचा मॉनिटर

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी अलकाच्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसली आणि मॉनिटर काळा झाला.

अलका, माझी बायको, होळीनंतर गेली. तोवर कित्येक वर्षं ती त्याच कोपऱ्यात बसून मराठी टायपिंग करायची. राजेंद्रनगरला यूपीएससीसाठी आलेली लातूर-परभणीची मुलं नोट्स घेऊन मयूर विहारला आमच्या घरी यायची. टायपिंग व्हायचं, वर पोहे मिळायचे. दर खंडेनवमीला ती मॉनिटरला हळदकुंकू लावायची, अक्षता वाहायची. मी म्हणायचो, "आमच्या ऑफिसच्या फायलींना कोण ओवाळणार?" ती म्हणायची, "जागच्या हलल्या तर ओवाळीन."

संध्याकाळी आमची मुलगी देवयानी गुरुग्रामहून मेट्रोने आली.

"बाबा, वर्षाच्या आत सण नसतो ना करायचा?"

"सण नाही. तिच्या हत्याराची पूजा."

तिने मॉनिटर पाहिला. "यार बाबा, हा गेलाय. कबाडीवाल्याला द्या. मी नवीन मागवते, सकाळी येईल."

"नवीन घेऊन काय करू? त्याच्यापुढे ती कधी बसली नाही."

तिने पर्स ठेवली आणि टेबलाखाली शिरली.

केबल काढून घट्ट बसवली. प्लग दुसरीकडे लावला. हिरवा दिवा लागला, सुरू झाल्याचा आवाजही आला, पण पडदा काळाच. मग तिने खोलीतली ट्यूब बंद केली आणि मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरका धरला.

"इकडून बघा."

अंधुक अक्षरं दिसली. 'इतिहास'. 'भूगोल'. 'मुलांचे फोन'.

"चित्र येतंय. ब्राइटनेस झीरो झालाय."

तिने अधिकचं बटण दाबलं. पट्टी जरा वर चढली आणि बोट काढताच खाली आली.

"उणेचं बटण आत अडकलंय. काय केलंत?"

"पुसलं फक्त."

"किती जोरात?"

"तुझ्या आईला धूळ चालायची नाही."

ती हसली. "पिन द्या."

अलकाच्या शिवणाच्या डब्यातली सेफ्टी पिन मी आणून दिली. देवयानीने ती बटणाच्या फटीत फिरवली. टेबलावर काहीतरी पडलं.

"हे काय, चावल?" ती बोटाने उडवणार होती.

"थांब."

तांदळाचा दाणा होता. त्याला कुंकू लागलेलं होतं. या वर्षीची पूजा अजून व्हायची होती. हा दाणा मागच्या खंडेनवमीचा, तिच्या हातचा.

देवयानीने पुन्हा बटण दाबलं. खोलीत उजेड पडला.

"आईने अक्षरं केवढी मोठी ठेवलीत!" ती म्हणाली.

सकाळी मी वाटीत नव्या अक्षता केल्या आणि तो दाणा त्यांत टाकला. मॉनिटरला कुंकू लावलं.

"बाबा, बटणांपासून लांब हं."

"हो गं."

अक्षता वरच्या कडेवर ठेवल्या. एक दाणा घरंगळून खाली बटणांशी आला. जुना होता की नवा, कळलं नाही. देवयानीने तो चिमटीत उचलला आणि परत वर ठेवला.