जीपचा रस्ता

"आनखी सात हात," दत्ताराम म्हणाला आणि त्याने दोरीचं टोक हैबतीच्या खाचरात नेऊन टाकलं.

हैबती त्याच खाचरात रोपासाठी पालापाचोळ्याचा राब भाजून उभा होता, भुवयांपर्यंत राखेने माखलेला. त्याने दोरीकडे बघितलं, मग दत्तारामकडे.

"दाजी, ह्ये रोपाचं खाचर हाय. झऱ्याकडंचं माजं येवढंच येक हाय."

"मालूम हाय, मेव्हनं. पन टर्निंग छोटा राह्यला तर जीप सीधी दरीत. मंग डॉक्टरलाच डोलीत घालून खाली न्यायचा का?"

माणसं हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पहार टेकायला तेवढंच निमित्त. हैबती हसला नाही. नुसतं "घ्या" म्हणाला आणि फावडं घेऊन आपल्याच खाचराचा बांध फोडायला लागला.

डोंगरावरच्या आमच्या वाडीत, जांभळीच्या कोंडावर, तेव्हा बावीस घरं. पोलादपूर खाली, पाखाडीने दीड तास. पाखाडी म्हणजे आमच्या पणज्यांनी दगड बसवून केलेली उभी वाट. आजारी माणूस तिथूनच डोलीतून उतरवायचा. वाशाला घोंगडी बांधायची आणि चौघांनी खांदा द्यायचा, की झाली डोली. गेल्या भादव्यात हैबतीच्या बायकोला, तुळजाबाईला, तापात अशीच नेली. मागचा खांदा माझा होता. अर्ध्या वाटेवर डोली एकदम जड झाली. आम्ही चौघंही काय ते समजलो. तशीच खालपर्यंत नेली आणि तशीच परत आणली.

आता हैबतीची सून आवडी पोटुशी होती. मुलगा पांडू मुंबईला गिरणीत. हैबतीला रात्रंदिवस एकच घोर, हिला तरी त्या घोंगडीत घालायची पाळी येऊ नये.

आणि दिवाळीनंतर दत्ताराम पोलादपूरच्या बाजारातून निरोप घेऊन आला. नवे सरकारी डॉक्टर म्हणाले म्हणे, जीप वर येईल असा रस्ता करा, मी दर मंगळवारी कोंडावर येतो. सुई, औषध, बाळंतिणीची तपासणी, सगळं दारात! दत्ताराम म्हणजे हैबतीच्या धाकट्या बहिणीचा, बनुबाईचा नवरा. मुंबईची नोकरी सोडून सासरवाडीलाच घर करून राहिलेला. हैबतीचा एकट्याचा कसला, बावीस घरांचा जावई. पहारी, टिकाव, सुरुंगाची दारू तोच कुठून कुठून आणायचा. "सरकारी हाय," म्हणायचा. आम्ही नारळ फोडून कामाला लागलो.

मी एकदा हैबतीला म्हणालो होतो, "बाजाराला चाललूच हाय, तर डॉक्टरलाच इचारू का, रस्ता किती रुंद पायजे त्यो?"

हैबती अंगावरच आला. "आनि दाजींच्या कानावर गेलं म्हंजे? जावयाच्या शब्दाची चौकशी केली तर बनू माहेरच्या पान्याला तरी शिवंल का? तुला बहिन नाय सदू, म्हनून सुचतंय ह्ये."

मला बहीण नव्हती हे खरं. दर आठवड्याला दवाखान्याच्या दारावरून मीठमिरची घेऊन आलो, आत एकदाही डोकावलो नाही. आजही त्या गोष्टीने माझं मलाच जोड्याने मारावंसं वाटतं.

चार महिने कोंड रस्त्यावर होता. बायका टोपल्यांनी माती वाहायच्या आणि सगळ्यांत पुढे बनुबाई, नवऱ्याच्या मोठेपणाने फुललेली. फोडलेला मुरूम टाकायला दुसरी जागा नव्हती, तो आम्ही खाली पाखाडीवर ढकलायचो. ठकूबाई, आमची म्हातारी सुईण, एक दिवस कमरेवर हात ठेवून ओरडली, "मेल्यांनू, वाट बुजवताव की रे!"

"रस्ता झाल्यावर वाट कशाला लागतेय गो?" हैबतीच म्हणाला, आणि त्याने मोठा धोंडा पहारीने खाली लोटला. तो गडगडत गेला तशी पोरं टाळ्या पिटत नाचली.

चैत्रातल्या एका मंगळवारी रस्त्याच्या तोंडाशी आम्ही आंब्याचे डहाळे बांधले. बायकांनी आरतीचं ताट तयार ठेवलं. खालून घरघर ऐकू आली, धूळ उठली, आणि शेवटच्या वळणावर दिसली ती लॉरी. आत कुऱ्हाडी, करवती आणि परमुलखातली वीसेक माणसं. वरच्या रानात कोळशाच्या भट्ट्या लावायला निघाली होती. आरतीचं ताट घेतलेली बाई ते पदराखाली झाकत मागे सरली.

ड्रायव्हर मुरारी महाडकडचा, मोकळा माणूस. उतरून तंबाखू मळत म्हणाला, "वळनं काय झ्याक काढलीत तुमी! लॉरी येका दमात फिरली."

"जीपसाठी काढलीत ती," मी म्हणालो.

"जीपला येवढं कशाला लागतंय? जीप तुमच्या खळ्यात फिरंल!"

दत्ताराम लॉरीच्या मागून उतरला. डोक्याला नवी टोपी, गळ्यात शिट्टी. कोळशाच्या ठेकेदाराने त्याला मुकादम केलं होतं. "डॉक्टर येनार, येनार, नेक्स्ट मंगळवारी," असं सगळ्यांना मिळून एकदाच सांगून तो भट्ट्यांची जागा दाखवायला निघून गेला. हैबती आपल्या खाचराच्या जागी उमटलेल्या चाकोऱ्यांकडे बघत राहिला. मी म्हणालो, "हैबती, आता तरी इचारू." तो म्हणाला, "आनखी येक मंगळवार बघू."

असे दोन मंगळवार बघितले. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आवडीला कळा लागल्या. उन्हं वर आली तशी ठकूबाई घामाने भिजून बाहेर आली.

"प्वार आडवं हाय. माज्या हातातलं नाय ह्ये. खाली न्या, लवकर."

लॉरी कोळशाची पोती भरून वळणावर उभीच होती. हैबती धावत गेला. त्याने दत्तारामपुढे दोन्ही हात जोडले. थोरल्या मेव्हण्याने धाकट्या जावयापुढे हात जोडलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

"दाजी, आवडीला घ्या लॉरीत. चार पोती उतरवा, जागा हुईल."

दत्तारामने खाली मान घालून टोपी नीट केली. "मेव्हनं, केबिनमदी शेटचा मानूस बसलाय. माल बांधलाय सगळा, उतरवायचा तर दोन घंटे. टायमावर महाडला नाय गेला तर माजी नोकरी जाईल. शामच्या ट्रिपला नेतो, शब्द देतो."

"शामला?" हैबती म्हणाला. "तंवर ऱ्हाईल का ती?"

दत्तारामने शिट्टी फुंकली. मुरारीने आमच्याकडे न बघता गाडी सुरू केली आणि आमच्या तोंडावर धूळ टाकून लॉरी गेली.

आम्ही घोंगडी बांधली. आवडीला घातलं आणि सवयीने पाखाडीच्या तोंडाशी धावलो. तिथे पायरी कुठली! धोंडे आणि मुरमाचा भुसभुशीत ढीग, पाय टाकला की गुडघाभर आत. सगळा आमचाच. हैबती दोन पावलं उतरला, घसरला, पुन्हा उठला. मग मागे फिरला.

रस्त्याने गेलो. पाखाडीचा दीड तास, रस्त्याचे तीन. डोईवर झाड नाही, सगळी आम्हीच तोडली होती. एकेक वळण इतकं ऐसपैस की संपता संपेना. आवडी आधी ओरडत होती, मग नुसती कण्हायला लागली. ठकूबाई तिचा हात धरून चालत होती आणि मोठमोठ्याने दत्तारामच्या सात पिढ्या उद्धरत होती. हैबती तिला गप्प बस म्हणाला नाही.

डॉक्टर तरुण होते, जेवणावरून उठून आले. तासाभराने बाहेर आले ते हात पुशीत.

"बाई वाचली. मूल गेलं. जाऊन फार वेळ झाला नव्हता हो, तासभर आधी आला असतात तर..." ते थांबले. "इतका उशीर का केलात?"

हैबती भिंतीला टेकून बसला होता. "तुमीच सांगितलाव, साहेब. रस्ता करा, मंग जीप घेऊन येतो. आमी केला रस्ता. तुमी आलाव नाय."

"मी?" डॉक्टर आमच्या तोंडाकडे बघत राहिले. "कसला रस्ता? माझ्याकडे जीप कुठली, सायकलसुद्धा नाही. तुमचे ते दत्ताराम दिवाळीत आले होते. मी त्यांना म्हटलं, आठवड्यातून एक दिवस मी पाखाडीने चालत येतो. फक्त एक स्वच्छ खोली आणि एक खाट द्या. पुढच्या बाजाराला ते सांगून गेले, कोंडावरच्या लोकांना सुई नको आहे, त्यांचा देवऋषी त्यांना पुरतो. मी तरी काय करणार?"

दिवाळीला आवडीला चौथा महिना होता. डॉक्टर त्याच महिन्यापासून आले असते, आणि आम्ही त्यांची वाट सुरुंग लावून बुजवत होतो. रडू यायला हवं होतं, पण मला लाज वाटली, अशी की दवाखान्याच्या पायरीवर बसवेना.

दुसऱ्या दिवशी आवडीला दवाखान्यात ठकूबाईपाशी ठेवून आम्ही वर आलो. वळणावर लॉरी भरत होती. बनुबाई नवऱ्याची भाकरी घेऊन आली होती. डोलीचा वासा माझ्या खांद्यावर होता. हैबतीने नुसती मान हलवली असती तरी मी तो दत्तारामच्या पाठीत घातला असता.

"सून कशी हाय, मेव्हनं?" दत्तारामने विचारलं.

"बरी हाय. प्वार गेलं." हैबतीचा आवाज रोजच्यासारखाच होता. "दाजी, डॉक्टरांनी निरोप दिलाय. पुढल्या मंगळवारी येतायत. चालत."

दत्ताराम पोत्यांकडे बघायला लागला. बनुबाईने विचारलं, "चालत? आनि जीप, दादा?"

"जीप नाय त्यांच्याकडं. कदी नव्हतीच. दिवाळीलाच चालत येतो म्हनाले व्हते. येक खोली आनि येक खाट मागितली व्हती फकस्त."

बनुबाई नवऱ्याकडे बघत राहिली. चार महिने माती वाहून तिच्या डोईचे केस मधोमध झिजले होते. "तुमी मला बी सांगितलाव नाय," ती म्हणाली. दत्ताराम काहीतरी नोकरीचं, पोराबाळांचं बोलायला लागला. ती ऐकायला थांबली नाही.

"दादा, खोली आमची घ्या. पुढली. मी सारवून ठेवते. खाट बी ह्यांचीच हाय."

मंगळवारी डॉक्टर आले. दुपार टळली होती, सदरा अंगाला चिकटलेला, बुटांवर कोळशाची काळी धूळ. बनुबाईच्या ओटीवर बावीस घरं गोळा झाली होती. हैबतीने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. ते घटाघटा प्यायले.

"मला तर सगळे पाखाडीने दीड तास सांगत होते," ते म्हणाले. "मी शोधून शोधून दमलो, खाली चार पायऱ्या आणि पुढे सगळा मुरूमच. इतकी चांगली वाट कुणी बुजवली?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. दत्ताराम वर भट्टीवर होता, त्याचं नाव घ्यायला कुणाची हरकत नव्हती. माझ्या तर ओठांवरच आलं होतं.

"मी," हैबती म्हणाला.