चौथ्या रविवारचा दिवा

"नाताळले येतो. तवरी धान चुरून ठेव."

तुमसर रोडच्या फलाटावर, गाडीच्या दारात उभा राहून, पान चघळत उषाबाईचा नवरा, खुशाल, असं बोलला होता. तिच्या कानात त्याचा तेवढाच आवाज उरला. तो भिलाईकडे कामाला गेला. इकडे किती हंगाम खळ्यावर बैल फिरवून धान चुरलं गेलं, कणग्या भरल्या आणि रिकाम्या झाल्या.

आंबागडच्या पायथ्याशी त्यांच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. कवेलूच्या छपराचं प्रार्थनेचं देऊळ, आणि आगमनकाळाची त्यांची आपली एक रीत. नाताळाआधीच्या चार रविवारी नव्या धानाच्या राशीवर मातीचा दिवा ठेवायचा. ज्या घरात कुणाची वाट पाहणं चालू असेल, त्या घरानं तो लावायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, 'येणारा येईल.' पहिले तीन दिवे घरोघरी फिरत. कुणाच्या घरी पाळणा हलायचा असे, कुणाची लेक बाळंतपणाला यायची असे. चौथा मात्र उषाबाईचाच.

आशा पाहायची असेल तर या बाईकडे पाहा, असं देवळात उपासना चालवणारे केवळराम पाळक दरसाल सांगत. मग सगळी मंडळी वळून पाहत. बाजारात बैलाचे दात पाहावेत तशी. शेजारची पुष्पाबाई एकदा विहिरीवर म्हणालीही, "तुहं बरं हाय बाई. आमचा नवरा घरीच पडला राह्यते, आमाले कोन दिवा देते?" बाया हसल्या. उषाबाईनं बादली अशी सोडली की विहीर दणाणली.

सासू सुलोचनाबाई सूप पाखडताना गात असे:

दिवा ठेवते उंबऱ्यात, वारा झोंबते वातीले
तेल घालते मी पुन्हा, लेक येईन रातीले

एके काळी उषाबाईही तिच्या सुरात सूर मिसळायची. आता ही ओवी कानावर आली की तिच्या अंगाचा भडका उडे. मागच्या सालच्या चुरण्यापासून तिच्या गळ्यात एक गोष्ट अडकली होती. म्हातारी मोडून पडेल म्हणून ती तिनं गिळली, आणि त्या नाताळातही उभी राहून 'येणारा येईल' म्हणाली. त्या खोट्या शब्दाची कडू चव वर्षभर जिभेवर होती.

आणि यंदा म्हातारीचे डोळे चालले होते. तुमसरच्या शिबिरातल्या डॉक्टरनं बजावलं होतं, या हिवाळ्यात ऑपरेशन झालं नाही तर दोन्ही डोळे जातील. शिबिराचा शेवटचा दिवस चौथ्या रविवारनंतरचा सोमवार. पण म्हातारी ऐकेना. खुशाल येईल, तोच नेईल. सुनेचा हात धरून जाऊन डोळे कापून घ्यायला आपण काय निपुत्रिक आहोत?

उषाबाई पाळकांकडे गेली, तुम्ही समजवा म्हणाली. ते हळू आवाजात म्हणाले, तिची आशा मोडू नका, माउली त्याच्यावरच जगते आहे. उषाबाई उठली. वाटेत बांधावरचं वाळकं गवत ती मुठीमुठीनं उपटत राहिली.

रविवारी देवळात धानाची रास रचली होती. पाळकांनी तिचं नाव घेतलं. तिनं काडी ओढली, वात पेटली. म्हातारी पुढच्या चटईवर हात जोडून बसली होती. चेहऱ्यावर हसू होतं, पण तोंड खिडकीकडे. खिडकीतल्या उन्हालाच ती दिवा समजत होती.

उषाबाईनं ते पाहिलं आणि तिचे ओठ मिटले.

"म्हणा बाई," पाळक म्हणाले. "येणारा..."

मागं कुजबुज झाली. ती धानाच्या राशीला वळसा घालून गेली, चटईवर म्हातारीपुढे बसली, आणि तिचं तोंड दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे वळवलं.

"माय, थो आला होता. मागच्या साली, खळ्यावर. बैलजोडी न्याले आला होता. तिकडं दुसरं घर हाय त्याचं, लेकरूबी हाय. तू आत निजली होती. मायले भेटून जाय म्हटलं, तं येळ नाही म्हणे. बैलं हाकायची तुतारी उगारून मीच हाकलला त्याले. उद्या डोळ्याले तुले मीच नेईन."